रस्त्याच्या पूर्वेचा दुष्काळ

मार्लिस वेंट्झ आणि कोरीन शाउअर या सख्ख्या बहिणी. दोघींच्या घरांमध्ये एक खडीची सडक, एवढंच अंतर. मार्लिसनं स्वयंपाकघरात भांडी विसळताना मान वर केली की कोरीनच्या दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसायचे. सडकेच्या पश्चिमेला आमची हॉलिस काउंटी, पूर्वेला केसल काउंटी. पण ही गोष्ट आम्हाला कर भरताना आणि मतदानाला जाताना तेवढी आठवायची. एरवी चर्च एक, दफनभूमी एक, वाराही एकच.

त्यांचा बाप गॉटलीब यानं जिवंत असतानाच जमीन वाटून दिली होती. मार्लिस थोरली, म्हणून तिला आधी विचारलं. तिनं पश्चिमेची बाजू मागून घेतली, कारण ओढा तिकडे होता आणि मोठा गोठाही तिकडेच. कोरीनच्या वाट्याला पूर्वेचं टेकाड आलं. "मला चालेल," कोरीन म्हणाली. तिला सगळंच चालायचं. आणि मार्लिसला नेमकं तेच कधी चाललं नाही.

मी त्याच सडकेवर दोन मैल दक्षिणेला राहते. मार्लिसबरोबर रजया शिवायला बसून माझी हयात गेली. कोरीनबद्दल तिच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं. त्यांची आई गेली तेव्हा दोघी दवाखान्यात होत्या. मार्लिस तीन दिवस खुर्चीवर बसून होती. कोरीन शेवटच्या दुपारी आली. मार्लिस कॉफी आणायला म्हणून खाली उतरली आणि तेवढ्यात म्हातारीनं कोरीनचा हात धरून प्राण सोडला. ही हकीकत मार्लिस सुई ओवता ओवता सांगायची, आणि दर वेळी शेवटी म्हणायची, "कॉफी पण बेकार होती तिथली."

त्या साली मे महिन्यापासून पावसानं तोंड दाखवलं नाही. जूनमध्ये गवत पायाखाली चुरचुरायला लागलं. तळी आटली, काठावर मिठाचा पांढरा थर धरला. गाई कुंपणाच्या तारेखालून माना घालून सडकेच्या कडेचं खात होत्या, पश्चिमेच्याही आणि पूर्वेच्याही. ओढा आटला तेव्हा मार्लिस त्याच्या पात्रात जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याला, डुएनला म्हणाली, "बघ. हा मागून घेतला होता मी."

जुलैच्या अखेरीस सरकारी मदत जाहीर झाली. दुष्काळाचा एक नकाशा असतो, त्यात जिथं रंग गडद तिथं गुरं आणि ती चरतात ती कुरणं मोजून चाऱ्याचे पैसे मिळतात. तो गडद रंग पूर्वेकडून आला आणि बरोबर आमच्या सडकेपाशी येऊन थांबला. का थांबला ते नकाशा काढणाऱ्यालाच माहीत. केसल काउंटीला पैसे मिळाले. हॉलिसला नाहीत.

मार्लिस खमकी बाई, हार मानणारी नव्हे. ती हॉलिसच्या शेतकी कचेरीत गेली, मलाही बरोबर नेलं. खिडकीत तान्या नावाची मुलगी होती, बिचारी दिवसभर हेच ऐकत असणार.

"माझ्या बहिणीच्या गाई आणि माझ्या गाई एकमेकींचं तोंड चाटतात," मार्लिस म्हणाली. "कुंपणावरून. तिच्या उपाशी आणि माझ्या जेवून उठलेल्या, असं तुमचा नकाशा म्हणतो का?"

"बाई, मी नकाशा काढत नाही."

"बरं, मग मी गाई सडकेपलीकडे नेते. मिळतील पैसे?"

"गाई नेऊन नाही चालणार. कुरण न्यावं लागेल."

तान्या हे थट्टेनं म्हणाली नव्हती, पण मला हसू आलं. मार्लिसला नाही आलं. परतताना घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "ही सडक बापाच्या जमिनीच्या मधून गेलीय. आमच्या बापाच्या."

ऑगस्टमध्ये कोरीनकडे मिनेसोटाहून चाऱ्याचे ट्रक आले. मोठाले गोल गठ्ठे, आतून अजून हिरवे. जागा सपाट म्हणून तिच्या नवऱ्यानं, रोलंडनं ते सडकेला लागूनच रचले. म्हणजे मार्लिसच्या खिडकीसमोर. वारा पूर्वेचा असला की ताज्या गवताचा वास तिच्या घरात शिरायचा. मार्लिस खिडकी लावून घ्यायची, त्या उकाड्यात.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. कोरीननं प्लमचा कुखन, म्हणजे जर्मन पद्धतीचा केक, केला होता, वरती साय-अंड्याचा जाड थर. ती तुकडे कापून बशीत घालत होती.

"बरंय बाई, काहींच्या घरी अजून साय निघते," मार्लिस म्हणाली.

कोरीननं तिच्याकडे पाहिलं. "सरकारनं दिलं, मार्लिस. मी काही मागायला गेले नव्हते."

"नाहीच. तुला कधी मागावं लागलंय?"

"गठ्ठे हवेत का तुला? डुएनला सांग, ट्रॅक्टर घेऊन ये म्हणावं. दहा ने, वीस ने."

आजूबाजूला आम्ही सगळ्या होतो. कोरीन मनापासून म्हणाली होती, हे मी शपथेवर सांगेन. पण चार बायकांसमोर म्हणाली, आणि हातातला सुरीवरचा तुकडा पुढे करावा तितक्या सहज म्हणाली. मार्लिसनं बशी खाली ठेवली. "मला दान नको," ती म्हणाली, आणि कोट शोधायला गेली. ऑगस्टमध्ये कुणी कोट घालत नाही, पण ती खुंट्यांपाशी जाऊन उभी राहिली खरी.

डुएन मवाळ माणूस. त्यानं घरी एकदा विषय काढून पाहिला. "बहीण आहे तुझी. चारा चारा असतो, गाईला काय कळतंय कुणाचा."

"मला कळतंय."

"मग विकाव्या लागतील."

"वीक."

त्यानं वीस गाई लिलावाला नेल्या. सगळा मुलूखच गाई विकत होता, त्यामुळे भाव पडलेला. त्यातल्या पाच-सहा तर पहिल्यांदाच व्यालेल्या, चांगल्या वाणाच्या. रिकामा ट्रेलर खडखडत परत आला तेव्हा मार्लिस अंगणात उभी होती आणि सडकेपलीकडे कोरीन शिडीवर चढून ओसरीच्या खांबांना रंग देत होती. पिवळा रंग, अंड्याच्या बलकासारखा.

"दुष्काळात रंग लावतेय," मार्लिस मला फोनवर म्हणाली. "मी गाई विकतेय आणि ही सरकारच्या पैशानं घर रंगवतेय."

तो रंग चर्चच्या पाळणाघराच्या भिंती रंगवून उरलेला होता. दोन डबे कुणीच नेत नव्हतं, म्हणून कोरीननं नेले. मला माहीत होतं. मी मार्लिसला सांगितलंही. ती म्हणाली, "उरलेलं पण तिलाच मिळतं, बघितलंस?"

त्याच आठवड्यात तिनं केसलच्या कचेरीला फोन केला. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. नाव सांगायचं नाही म्हणाली, फक्त माहिती द्यायचीय. माहिती अशी की शाउअर मंडळींनी टेकडीमागच्या कुरणाचेही पैसे घेतलेत, आणि त्या कुरणात या वर्षी एकही जनावर चरलेलं नाही. तिथली पवनचक्की वसंतातच मोडली होती, पाणी नव्हतं, म्हणून रोलंडनं फाटक लावून टाकलं होतं. यात एक अक्षरही खोटं नव्हतं. "फोन ठेवला आणि किती हलकं वाटलं म्हणून सांगू," ती म्हणाली. "खाज सुटलेल्या जागी नख लागावं तसं. मग नूडल लाटायला घेतले, ते तीनदा मोडून परत मळले."

कचेरीचा माणूस आला. रोलंडचा एक खुबा निकामी झालेला, काठी घेऊन चालतो. तरी तो त्या माणसाला घेऊन टेकडी चढला. कुरणात शेणाचा एक पो नव्हता.

"इथं गुरं सोडली होती का?" त्या माणसानं विचारलं.

"नाही. पाणी नाही इथं."

"मग अर्जात लिहिलंत कसं?"

"दरवर्षी सगळी कुरणं लिहितो. तशीच लिहिली."

रोलंडनं मुद्दाम लबाडी केली असं आमच्यात कुणी म्हणणार नाही. पण सही त्याची होती. त्या कुरणाचे पैसे व्याजासकट परत करा असा हुकूम निघाला, आणि चौकशी संपेपर्यंत बाकीची रक्कमही अडवली. आलेले पैसे तर चाऱ्यात गेलेले. गठ्ठे खाऊन संपायला आलेले.

पैशांचं त्यानं सोसलं असतं. पण रोलंड आमच्या चर्चमध्ये दानाचं ताट फिरवायचा. किती वर्षं ते विचारू नका, मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्याच हातात पाहिलंय. त्या रविवारी त्यानं ताट पाद्रीबाबांच्या हातात दिलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. पाद्रीबाबा म्हणाले, "रोलंड, असं कुणी म्हटलेलं नाही." तो म्हणाला, "म्हणायची वाट कशाला बघू?" पुढच्या रविवारपासून तो यायचाच बंद झाला.

कोरीन मार्लिसकडे गेली ती भर सकाळी. मार्लिस ओट्यापाशी बटाटे सोलत होती. कोरीननं दार वाजवलं नाही, दोघींनी कधीच वाजवलं नव्हतं. ती सरळ आत आली, बहिणीच्या शेजारी उभी राहिली आणि खिडकीतून बाहेर पाहू लागली.

"सडकेवरून ते फाटक दिसत नाही," कोरीन म्हणाली. "टेकडी मध्ये येते. मी चालत जाऊन बघितलं. पार कोपऱ्यापर्यंत."

मार्लिस सोलत राहिली.

"तुझ्या या खिडकीतून दिसतं."

"मी खोटं नाही सांगितलं काही."

"नाही सांगितलंस." कोरीनचा आवाज चढला नव्हता. "तुला पैसे हवे होते का गं? आम्ही अर्धे दिले असते. रोलंडच म्हणाला होता, अर्धे देऊ, पण ती घ्यायची नाही."

"पैसे नको होते मला."

"मग?"

मार्लिसनं सुरी ठेवली. "तुझ्याकडे नसावेत, एवढंच."

कोरीन खुर्चीवर बसली. मग ती म्हणाली, "ओढा तुझ्याकडे, गोठा तुझ्याकडे. बाबांनी तुला पहिलं विचारलं. पण मला तुझा कधी हेवा नाही वाटला, मार्लिस. खरंच नाही वाटला."

"तेच तर," मार्लिस म्हणाली. "एकदा तरी वाटायला हवा होता."

कोरीन उठून गेली. जाताना तिनं दार हळूच लावलं, आणि ते हळूच लावणं मार्लिसला आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

सप्टेंबरच्या मध्यात नकाशाचा रंग सरकला. सडक ओलांडून गडद डाग आमच्या अंगावर आला आणि हॉलिस काउंटीलाही मदत लागू झाली. तान्याचा मला फोन आला तेव्हा तिचा आवाज एखाद्या बाळंतपणाची बातमी द्यावी तसा होता. आम्हाला सगळ्यांना पैसे मिळाले. मार्लिसलाही. उरलेल्या गाईंचे, म्हणजे वीस कमी.

आता मार्लिसकडे पैसे होते आणि कोरीनकडे नव्हते. हिशेबानं तिचा जीव थंड व्हायला हवा होता.

पण तोवर गावाचा ओघ कोरीनच्या अंगणाकडे लागला होता. कुणी सुपाचं भांडं घेऊन जाई, कुणी सॉसेज. लिओ हाउक आपल्या दोन मुलग्यांना घेऊन गेला आणि मोडकी पवनचक्की खाली उतरवून दुरुस्त करून आला, मजुरी घेतली नाही. शेजारच्या विशॉमन गावच्या लोकांनी गवताचा एक ट्रक पाठवला. मीसुद्धा बटाटे आणि पिठाच्या गोळ्यांचं सूप घेऊन गेले होते. परतताना मार्लिस फाटकापाशी उभी दिसली. मी गाडी थांबवली.

"काय नेलं होतंस?"

"सूप."

"माझ्याकडे कधी आणलंस?"

"तुझ्याकडे काय झालंय, मार्लिस?"

"वीस गाई गेल्या माझ्या. वीस. कुणी एक वाटी आणली?"

"तू कुणाला येऊ दिलंस? कोट शोधत बसलीस."

तिनं सडकेपलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आज सकाळपासून सात पिकअप आल्या तिच्याकडे." आणि तिचं तोंड असं झालं की मला आधी राग आला आणि मग नाही आला. बहिणीवर आलेल्या संकटाचाही तिला हेवा वाटत होता. ते तिलाही कळत होतं. तिथेच, त्या फाटकापाशी, गाडीच्या खिडकीला धरून तिनं मला फोनचं सगळं सांगितलं.

मी म्हटलं, "हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"कोरीननं सांगितलं?"

"तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही. खिडक्या आम्हाला पण आहेत."

डुएननं मदतीच्या पैशातून मॉन्टानाहून चारा मागवला. ट्रक आला त्या दिवशी त्यानं निम्मे गठ्ठे उतरवून घेतले आणि निम्मे लांब ट्रेलरवर तसेच ठेवले. जेवताना म्हणाला, "हे मी पलीकडे नेतोय."

मार्लिसनं बटाटे वाढून घेतले.

"तुला विचारत नाहीये," डुएन म्हणाला. बत्तीस वर्षांच्या संसारात असलं वाक्य त्यानं पहिल्यांदा उच्चारलं असावं. "नेतोय म्हणून सांगतोय."

"तुला ट्रेलर मागे घेता येत नाही," मार्लिस म्हणाली. "तिचं फाटक अरुंद आहे. तू खांब पाडशील." आणि तिनं स्वतःच ट्रॅक्टरच्या किल्ल्या उचलल्या.

कोरीन ओसरीवर आली. रोलंड आतच होता, खिडकीचा पडदा हलला तेवढंच. मार्लिसनं ट्रॅक्टर बंद केला, पण खाली उतरली नाही. वरूनच म्हणाली, "कुठं टाकू?"

"भाव काय?" कोरीननं विचारलं.

"भाव कसला?"

"गठ्ठ्याचा भाव काय लावतेस?"

"कोरीन, मी विकायला नाही आणलेत."

"मग घेऊन जा परत."

लिओ हाउकनं पवनचक्की फुकट दुरुस्त केली तेव्हा तिनं करू दिली होती. विशॉमनवाल्यांचं गवत घेतलं होतं, माझं सूप घेतलं होतं. तेव्हा तिनं भाव विचारला नव्हता. मार्लिसला हे सगळं माहीत होतं. ती ट्रॅक्टरवर बसून राहिली, स्टिअरिंगला धरून. शेवटी तिनं भाव सांगितला, डुएनला पडला होता तोच, वाहतुकीसकट. कोरीन आत गेली, चेक लिहून आणला आणि म्हणाली, "उद्या बँकेत भर. घरात ठेवून दिलास तर मला कळेल, आणि पुढचा चारा मी दुसरीकडून घेईन."

"पैसे आहेत का तुझ्याकडे?"

"तो माझा प्रश्न."

मार्लिस दुसऱ्या दिवशी बँकेत गेली. खिडकीतल्या पोरीनं चेकवरचं नाव वाचलं, मग हिच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. "सख्ख्या बहिणीनं मला गवतवाली करून टाकलं," मार्लिस मला म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

हिवाळाभर तसंच चाललं. गठ्ठे संपत आले की कोरीन फोन करायची, "पंधरा पाठव." मार्लिस नेऊन टाकायची, चेक घ्यायची, परत यायची. घरात ये म्हणून कुणी म्हणायचं नाही आणि हीही उतरायची नाही. नाताळात चर्चमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या, कारण तो बाक त्यांच्या घराण्याचा होता, पण मध्ये कोट ठेवून. चौकशीचा निकाल फेब्रुवारीत लागला. अडवलेली रक्कम सुटली, टेकडीमागच्या कुरणाची तेवढी कायमची गेली. रोलंड पुन्हा चर्चला यायला लागला, पण मागच्याच बाकावर. ताट आता लिओचा धाकटा फिरवतो. त्याला जमत नाही, नाणी सांडतो.

मार्चमध्ये बर्फ वितळून चिखल झाला होता, तेव्हाची गोष्ट. मार्लिस शेवटची खेप घेऊन गेली. कोरीननं बूट चढवले, चिखलातून ट्रेलरपर्यंत आली, एका गठ्ठ्यात हात कोपरापर्यंत खुपसला आणि बाहेर काढून वास घेतला.

"हे ओलं झालंय," ती म्हणाली.

"कुठं ओलं?"

"आतून कुबट येतंय. याला तो भाव नाही देणार मी."

"तो भाव मला पडलाय, कोरीन."

"तुला पडला असेल. पाच डॉलर कमी कर गठ्ठ्यामागे."

"पाच? वेडी आहेस का तू? दोन."

"चार."

"तीन. आणि तू उतरवून घ्यायचे. माझी पाठ गेलीय."

"तुझी पाठ दहावीत असल्यापासून गेलीय," कोरीन म्हणाली. "काम निघालं की जाते."

मार्लिस तिथून थेट माझ्याकडे आली. मी अंडी पुसत होते. तिनं बूटही काढले नाहीत, माझ्या स्वच्छ फरशीवर चिखल घेऊन उभी राहिली. "तिनं तीन डॉलर कापले माझे," ती म्हणाली. "चांगल्या गवताला कुबट म्हणाली." एवढं बोलून ती खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. मी अंडं ठेवलं आणि कॉफी टाकली.

त्या वसंतात पाऊस बरा झाला. ओढ्याला पाणी आलं. दोघी आता कुंपणापाशी उभ्या राहून बोलतात, बहुतेक गुरांबद्दल. गेल्या महिन्यात वासरांचं वजन झालं, तर कोरीनची वासरं मार्लिसच्या वासरांपेक्षा सरासरी बरीच भारी निघाली. मार्लिसनं मला हे फोनवर सांगितलं. मी विचारलं, "मग, काय म्हणालीस तिला?"

"अभिनंदन म्हटलं."

"आणि?"

"आणि घरी येऊन दोन तास फरशी घासली," मार्लिस म्हणाली. "पण कचेरीला फोन नाही केला."